चाळीतून फ्लॅटकडे, फ्लॅटमधून सोसायटीकडे



स्मरणिका समितीच्या तरुण मंडळींनी मला गाठले आणि म्हणाली, "काका, तुम्ही बँकेत होतात, तारखा तुमच्या पाठ असतात. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." आपल्या सोसायटीचा इतिहास तसा पंचवीस वर्षांचा. ऑफिसमधले कपाट उघडले, मिनिट बुके काढली, दोन दिवसांत सगळे वाचून झाले. पण वाचताना एक गोष्ट डोक्यात राहिली. आपण १९९७-९८ च्या सुमारास घर शोधत होतो तेव्हा मुलुंड पूर्वेच्या छोट्या जाहिरातींत ठरलेले शब्द असायचे : शांत वस्ती, स्टेशन चालत, शाळा-कॉलेज-बाजार जवळ, कुटुंबासाठी योग्य. यातला फ्लॅट बिल्डरने बांधला, हे खरे. पण ती "शांत वस्ती" कोणी बांधली? त्याचे उत्तर शोधायला आपल्या मिनिट बुकाच्या बरेच मागे जावे लागते.

मिठागरे, रेल्वे आणि आखलेले रस्ते

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, हे शाळेत सगळ्यांनीच घोकले आहे. ती गाडी आपल्या मुलुंडच्या हद्दीतूनच गेली. तेव्हा इथे काय होते? पश्चिमेला डोंगर, मध्ये भातशेती आणि पाडे, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मिठागरे. आजही मिठागर रोड आणि गव्हाणपाडा ही नावे ते दिवस सांगतात. रेल्वे आली म्हणून लगेच वस्ती आली नाही. मुंबईत पोट भरणारा माणूस कामाच्या ठिकाणापासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर राहत होता.

बदल झाला तो १८९६ च्या प्लेगनंतर. दाटीवाटीची वस्ती म्हणजे रोग, हे सरकारला पटले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला मोकळ्या हवेच्या, आखीव रस्त्यांच्या वसाहती उभ्या राहू लागल्या. घर म्हणजे डोक्यावर छप्पर एवढेच नसून हवा, उजेड आणि मुलांना खेळायला जागा, ही कल्पना मध्यमवर्गात रुजली ती तिथे.

त्याच वाऱ्यावर १९२२ साली मुलुंडला आखणी झाली. इथले जमीनदार झवेरभाई रामजी यांच्यासाठी क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी पश्चिमेकडे काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचा नकाशा केला. आज पाच रस्त्याच्या गर्दीत उभे राहिलात तरी रस्ते सरळ आहेत हे जाणवेल. त्याचे श्रेय शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कागदाला. फाळणीनंतर डोंगराच्या बाजूला निर्वासितांची मुलुंड कॉलनी वसली. १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. आग्रा रोडवर, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, जॉन्सन अँड जॉन्सन, हेक्स्ट अशा कंपन्या आल्या आणि त्यांच्या नोकरदारांना घरे लागू लागली. पूर्व बाजू मात्र मागेच राहिली. मागे राहिली म्हणून ती शांत राहिली, असेही म्हणता येईल.

चाळ सुटत का नव्हती

आपल्यापैकी निम्मे-अधिक सभासद गिरगाव, लालबाग, परळ, दादरहून इथे आले. दहा बाय बारा-पंधराची खोली, बाहेर सामायिक संडास, सकाळी नळावर रांग. एवढा त्रास होता तर लोक पन्नास-पन्नास वर्षे तिथे का राहिले? शेजार चांगला होता हे आहेच. पण हिशेबाचे कारणही होते.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडेकरूला तेव्हा ते संरक्षण हवेच होते. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की भाड्याने देण्यासाठी नवे घर बांधण्यात मालकाला राम उरला नाही. जुन्या इमारतींची डागडुजी थांबली, पागडी सुरू झाली. पागडीचा व्यवहार कायद्याच्या चौकटीत यायला पुढे १९९९ चा भाडे कायदा यावा लागला. मधली पन्नास वर्षे मध्यमवर्गीय माणसापुढे दोनच वाटा होत्या : वाडवडिलांची खोली धरून राहायचे किंवा घर विकत घ्यायचे. आणि विकत घ्यायला पैसे कुठे होते?

तालमकींचे उत्तर

या प्रश्नाला पहिले व्यवहार्य उत्तर दिले ते रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी. त्यांचा क्रम पाहा. १९०६ साली त्यांनी आपल्या गुरूंच्या नावे शामराव विठ्ठल ही सहकारी बँक काढली. १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून ती ओळखली जाते. म्हणजे आधी पत, मग घर. एकट्या कारकुनाला कोणी जमीन देणार नाही आणि कर्जही देणार नाही, पण पन्नास कारकून एकत्र आले तर दोन्ही मिळेल, हा त्यामागचा सरळ विचार. अशा संस्थांत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असे, आणि सभासद एका अर्थी आपल्याच घराचा भाडेकरूही असे आणि मालकही.

ही संस्था एका ज्ञातीची होती आणि त्या काळात बहुतेक संस्था तशाच निघाल्या. ओळखीच्या माणसांवरच विश्वास टाकायचा, हे साहजिक होते. या मुद्द्याकडे मी पुढे परत येणार आहे.

फ्लॅटचा कायदा

१९५०-६० च्या दशकांत मुंबईत "ओनरशिप फ्लॅट" हा शब्द आला. आधी माणसे एकत्र यायची आणि मग इमारत व्हायची, ते आता उलटे झाले. बिल्डर जमीन घेणार, इमारत बांधणार, अनोळखी माणसांना एकेक फ्लॅट विकणार आणि मग त्या माणसांनी सोसायटी करायची. यात सोय होती तशी फसवणूकही होती. एकच फ्लॅट दोघांना विकणे, नकाशा एक आणि बांधकाम दुसरे, जमिनीवर आधीच बोजा असे प्रकार होऊ लागले. त्यांना आळा घालायला १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा झाला. आपण सगळे त्याला "मोफा" म्हणतो. वीस टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची असेल तर बिल्डरने आधी करारनामा करून तो नोंदवायचा, जमिनीचे टायटल आणि मंजूर नकाशे ग्राहकाला दाखवायचे, पुरेसे ग्राहक झाले की चार महिन्यांत सोसायटी नोंदवण्यासाठी अर्ज करायचा आणि सोसायटी झाली की पुढच्या चार महिन्यांत जमीन-इमारतीचे हस्तांतर, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचे. कागदावर सगळे चोख. या चार महिन्यांचे पुढे काय झाले ते सांगतोच.

कर्जाची गोष्ट

आता माझ्या खात्यातला विषय. मी १९७४ साली बँकेत लागलो. राष्ट्रीयीकरणाला पाच वर्षे झाली होती. शेती, छोटे उद्योग, रिक्षा, शिलाई मशीन, सगळ्यांना कर्जे देण्याची धडपड चालू होती. घरासाठी मात्र जवळजवळ काही नाही. घर हा खर्च आहे, त्यातून उत्पादन होत नाही, असा विचार होता. लोक घर घ्यायचे ते प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने आणि गावची जमीन विकून. म्हणूनच घर व्हायचे ते निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

१९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी सुरू केली आणि पगारदार माणसाला पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेता येते हे दाखवून दिले. १९८८ साली नॅशनल हाउसिंग बँक आली. तरी व्याज जबर होते. नव्वदीच्या मध्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास दर असायचा. त्या दराने एक लाखाला पंधरा वर्षांसाठी महिना सुमारे चौदाशे रुपये हप्ता. म्हणजे लाखाचे अडीच लाख फेडायचे. पुढे २००३-०४ पर्यंत दर आठ टक्क्यांच्या खाली-वर आले तेव्हा तोच हप्ता साडेनऊशेवर आला. शिवाय घरकर्जाच्या व्याजावरची आयकराची सवलत १९९९ च्या अर्थसंकल्पात पंच्याहत्तर हजार, २००० मध्ये एक लाख आणि २००१ मध्ये दीड लाख झाली. त्यात १९९५ ला शिखरावर गेलेले मुंबईतले भाव नंतर चार-पाच वर्षे उतरत होते. आपली इमारत नेमकी या सांध्यावर उभी राहिली. चाळिशीतल्या दोन पगारांच्या घराला दोन खोल्या-किचन आवाक्यात आले, ते त्यामुळे.

बँकेच्या कर्जाने आणखी एक काम केले, ज्याची कोणी आठवण काढत नाही. तेव्हा "साठ-चाळीस" हा शब्द सर्रास होता. साठ टक्के चेकने, चाळीस रोख. कर्ज घेणाऱ्याला ते परवडत नसे, कारण बँक चेकच्या रकमेवरच कर्ज द्यायची. आणि बँकेचा वकील तीस वर्षांचा टायटल सर्च मागायचा, आयओडी, सीसी तपासायचा. आपल्या पहिल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांनी कर्ज काढले होते, म्हणून आपल्या प्लॉटचे कागद चार बँकांच्या वकिलांच्या नजरेखालून गेले. पुढे कन्व्हेयन्सच्या वेळी हेच सर्च रिपोर्ट कामी आले.

आपली इमारत

१९९९ च्या दसऱ्याला पहिली सात कुटुंबे राहायला आली. दोन विंग, अठ्ठावीस फ्लॅट. लिफ्ट चालू नव्हती. ओसी नव्हती, म्हणून पालिकेचे पाणी दुप्पट दराने आणि तेही पुरत नव्हते. आठवड्यातून तीनदा टँकर. वारा खाडीकडून वळला की डंपिंग ग्राउंडचा वास यायचा, खिडक्या लावून जेवायचो. जाहिरातीत हा वास नव्हता. तो बंद व्हायला २०१८ साल उजाडले.

पण बाकीचे जाहिरातीत होते तसेच होते. केळकर ट्रस्टचे वझे कॉलेज १९८४ पासून सुरू होते, त्यामुळे बारावीनंतर पोरांना लोकलला लटकायला नको. संध्याकाळी संभाजी मैदानावर क्रिकेट. रेल्वेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र सेवा संघाचे ग्रंथालय आणि कालिदास नाट्यगृह. त्याच सुमारास ऐरोलीचा पूल झाला आणि आपल्या मुलांना नव्या मुंबईत नोकऱ्या मिळाल्या तरी घर सोडावे लागले नाही.

२००० साली उपनिबंधकांकडे नोंदणी झाली. पन्नास रुपयांचे पाच शेअर, अडीचशे रुपये. त्या अडीचशे रुपयांच्या शेअर सर्टिफिकेटावर आज आपल्या सगळ्यांची आयुष्याची कमाई उभी आहे. पहिल्या सभेच्या इतिवृत्तात विषय तीनच : टँकरचे बिल, वॉचमन, जिन्यातले दिवे. सभा रात्री पावणेबाराला संपली, अशी नोंद आहे.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपली माणसे कुर्ला, घाटकोपरहून हायवेने चालत मध्यरात्रीनंतर आणि दुसऱ्या सकाळी घरी पोहोचली. त्या रात्री दोन्ही विंगचे दरवाजे उघडे होते, ए विंगच्या तळमजल्यावर खिचडी शिजत होती आणि ज्यांची घरे अजून बरीच पुढे होती असे अनोळखी लोकही जेवून गेले. इतिवृत्तात त्याबद्दल एवढीच ओळ आहे : "तांदूळ, डाळ व गॅस यांचा खर्च सभासदांनी वर्गणीतून केला." मला विचाराल तर अठ्ठावीस फ्लॅटांची सोसायटी झाली ती त्या रात्री, नोंदणी जरी आधीची असली तरी.

जमीन कोणाची

आता ते चार महिने. आपल्या बिल्डरने चार महिने सोडाच, दहा वर्षांतही कन्व्हेयन्स करून दिले नाही. कधी भागीदार परदेशी, कधी मूळ जमीनमालकाच्या वारसांची सही बाकी. खरे कारण सगळ्यांना माहीत होते. जमीन ज्याच्या नावावर, पुढे वाढणाऱ्या एफएसआयवर हक्क सांगणारा तोच. मुंबईतल्या हजारो सोसायट्यांची हीच गत होती. आपण फ्लॅटचे मालक, पण पायाखालची जमीन दुसऱ्याची.

२००८ साली मोफा कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, आले. त्याचे नियम २०१० ला झाले. बिल्डर सही करत नसेल तर सक्षम प्राधिकारी सुनावणी घेऊन सोसायटीच्या बाजूने आदेश देऊ शकतो. आपण २०११ मध्ये ठराव केला. अठ्ठावीस करारनाम्यांच्या प्रती, इंडेक्स टू, मुद्रांक भरल्याचे पुरावे, मंजूर नकाशे, प्रॉपर्टी कार्ड हे सगळे गोळा करायला सात महिने लागले. तीन घरे विकली गेली होती, त्यांचे मूळ करारनामे शोधायला आपले तेव्हाचे सेक्रेटरी पुणे-नाशिकपर्यंत जाऊन आले. आदेश २०१३ मध्ये मिळाला. पुढच्या वर्षी प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचे नाव चढले, त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. त्यातले दोन सभासद आज आपल्यात नाहीत. नव्या पिढीने निदान एकदा ते प्रॉपर्टी कार्ड हातात घेऊन बघावे, एवढी माझी विनंती आहे.

"कुटुंबासाठी योग्य"

तालमकींच्या काळात शेजारी ओळखीचा असायचा, कारण ज्ञात एक होती. आपल्या पहिल्या यादीत कोकणस्थ, मराठा, आगरी, गुजराती, तमिळ, सिंधी, बौद्ध आणि एक ख्रिस्ती कुटुंब आहे. कोणी ठरवून केले नाही. बँकेचे कर्ज ज्याला मिळाले तो आला. म्हणजे विश्वास आधी नव्हता, तो नंतर कमवावा लागला. गच्चीच्या चाव्या, पार्किंग, गळती यावरून भांडून भांडून कमवला म्हणा ना!

तरी २००६ च्या सभेत एका सभासदाने फ्लॅट एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला भाड्याने दिला तेव्हा "ही फॅमिली सोसायटी आहे" म्हणून बराच आवाज झाला. शेवटी ठरले, की भाडेकरार नोंदवलेला असावा, पोलिसांना कळवलेले असावे आणि नियमाप्रमाणे बिगर-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घ्यावे. बाकी चौकशी करायची नाही. ती मुलगी सहा वर्षे राहिली आणि आपल्या गणपतीचा हिशेब चार वर्षे तिनेच लिहिला. शांतता ही कोण राहतो यावर अवलंबून नसते. रात्री दहानंतर आवाज बंद, मेंटेनन्स वेळेवर आणि सभेला हजेरी, यावर असते.

पुढची मते तुमची

हे सगळे आज का सांगायचे? कारण गेल्या वर्षी दोन बिल्डरांची पुनर्विकासाची पत्रे आली आहेत. इमारत पंचवीस वर्षांची झाली. तीस वर्षे झाली की स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच सक्तीचे होईल. तरुणांना मोठी खोली आणि गाडीला जागा हवी, ज्येष्ठांना दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात जायची भीती वाटते. दोघांचेही म्हणणे बरोबर आहे.

मी बँकेच्या सवयीने दोन आकडे सांगतो. सिंकिंग फंड आपण वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्क्याने जमवला. पंचवीस वर्षांत तो मूळ खर्चाच्या सव्वासहा टक्के होतो, वर व्याज. त्यात नवी इमारत होत नाही, पण प्लंबिंग, गच्ची आणि कॉलम यांची दुरुस्ती करून घाईत सही करण्याची वेळ टाळता येते. दुसरा आकडा : ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाचा ठराव एकावन्न टक्के सभासदांच्या संमतीने होऊ शकतो. अठ्ठावीसात पंधरा. कायद्याला पंधरा पुरतात. पण उरलेल्या तेरा दारांशी नंतर रोज जिन्यात गाठ पडते, हे पंधरांनी विसरू नये.

प्लेगनंतरच्या वसाहती असोत, तालमकींची संस्था असो, मोफा असो की आपले २०१४ चे प्रॉपर्टी कार्ड, प्रत्येक वेळी सामान्य माणसाचे घर वाचले ते कागद नीट ठेवल्यामुळे आणि चार माणसे एकत्र बसल्यामुळे. पुनर्विकास करा किंवा दुरुस्ती करा, जमीन सोसायटीच्या नावावर आहे म्हणून निर्णय आपला आहे. करारनाम्याचा प्रत्येक शब्द वाचा, महारेराची नोंदणी बघा, बँक गॅरंटी मागा. आणि सभेला या. कोरम नसल्याने अर्धा तास तहकूब झालेल्या सभा मी मोजल्या, पंचवीस वर्षांत एकोणीस. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा खाली यावा.

आपल्या सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आजच्या बालगोपाळांपैकी कोणीतरी लिहील. त्याच्यासाठी मिनिट बुके मी क्रमाने लावून, कव्हर घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहेत.